ओवाळणीतली स्प्रिंग

माझ्या भावाने मला फसवलं त्याचा पुरावा मी वर्षभर दर शनिवारी ओल्या फडक्याने पुसत होते. चकचकीत करत होते. तो पुरावा म्हणजे सायकलच्या पोटात बसवलेली एक जाड काळी स्प्रिंग आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात छापलेला ५५० हा आकडा. मला वाटायचं, कंपनीचा काही नंबर असेल. मी शाळेत गणित शिकवते. रोज डोळ्यांसमोर असलेला आकडा मला वाचता आला नाही, याचा राग भावावरच्या रागाच्या खालोखाल आहे.

मी वर्ध्याकडच्या तळेगावात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहते. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारे आता विचारून विचारून थकलेत. माझी शाळा टेकडीपलीकडच्या गावात आहे. डांबरी रस्त्याने गेलं तर अकरा किलोमीटर, टेकडीवरच्या गुरांच्या वाटेने गेलं तर सात. टेकडीवर चढता येतं, पण पलीकडे उतरताना जी वाट आहे तिला गावात गोट्याचा उतार म्हणतात. नारळाएवढे दगड, मध्येच पावसाने खणलेल्या घळी आणि वर सागाचा पाला पसरलेला, म्हणजे खाली काय आहे ते दिसायचं नाही. मी माझी साधी सायकल हातात धरून तो उतार उतरायचे, एका हाताने ब्रेक आणि दुसऱ्या हाताने साडी सांभाळत. पुढे साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागले, पण सायकलवर बसून उतरणं काही जमलं नाही.

रविवारी नागपूरचे लोक तिथे सायकली घेऊन येतात. हेल्मेट, गुडघ्यांना ढाली. त्या सायकलींना पुढेही झटके खाणारा फोर्क असतो आणि मागेही शॉक असतो. दगड आला की चाक वर येतं, माणूस जागच्या जागी राहतो. ओढ्याचं पाणी दगडांवरून यावं तसे ते लोक खाली यायचे. एकदा त्यांच्यातली एक बाई माझ्या शेजारून गेली. चाळिशीची असेल, माझ्यासारखीच लहानखुरी. ती खाली जाऊन थांबली आणि पाणी प्यायली. मी सायकल धरून खाली पोचेपर्यंत तिची बाटली संपली होती. त्या दिवशी मी ठरवलं, हा उतार मलाही पाय न टेकता उतरायचा आहे. बाकी मला तशा सायकलीकडून काही नको होतं.

राखीला हे मी दादाला सांगितलं. दादा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, वर्ध्याला सरकारी कचेरीत आहे. मला सायकल त्यानेच शिकवली, आंजीला, आमच्या गावी, शाळेच्या मैदानावर. सीट धरून मागे पळायचा. "धरली आहे, धरली आहे" म्हणत म्हणत एक दिवस त्याने सोडून दिली आणि मी तशीच पुढे गेले. आमच्या घरात ही गोष्ट कौतुकाने सांगतात. मीही सांगायचे.

त्याचं लग्न झाल्यावर आमचं बोलणं सणासुदीपुरतं उरलं होतं. सायकलीचं नाव काढलं आणि दादा उजळला. म्हणाला, "तयार सायकल नको घेऊ वं. एकेक पार्ट निवडून बांधून घेऊ. तुह्या मापाची." तेव्हापासून भाऊबीजेपर्यंत रोज संध्याकाळी सातला त्याचा फोन यायचा. मी पोळ्या लाटता लाटता फोन डब्याला टेकवून ठेवायचे. पुढचा फोर्क किती दबावा, एकशे तीस मिलिमीटर की दीडशे? टायर किती रुंद? बटण दाबलं की सीट खाली जाते तो खांब घ्यावा की नको? मी शंभर पानी वही केली. प्रत्येक भागाला एक पान, फायदे डावीकडे, तोटे उजवीकडे. पोळ्या करपायच्या. मला त्याचं काही वाटायचं नाही. तीस वर्षांनी माझा भाऊ मला परत मिळाला होता, त्यापुढे पोळी काय चीज आहे.

भांडण एकाच गोष्टीवरून झालं. मागचा शॉक हवेचा घ्यायचा की स्प्रिंगचा. मी वाचून ठेवलं होतं की हवेच्या शॉकमध्ये पंपाने हवा कमीजास्त करता येते, त्यामुळे तो कोणाच्याही वजनाला लावून घेता येतो. स्प्रिंगचं तसं नसतं. ती ज्याच्या वजनाची घेतली त्याचीच असते. मी म्हटलं, हवेचाच बरा.

"पागल झाली काय?" दादा म्हणाला. "हवा उतरते. तिकडं जंगलात तू पंप मारत बसशीन काय? स्प्रिंगले काई होत नाई. एकदा लावली का जिंदगीभर पाह्यनं नाई."

"पण वजन बरोबर पाहिजे ना."

"मंग सांग ना वजन. किती हाये तुहं?"

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांच्या आरोग्य तपासणीचा काटा होता त्याच्यावर उभी राहिले. संध्याकाळी सांगितलं, त्रेपन्न. तो म्हणाला, "त्रेपन्न. लिहून घेतलं." मी वहीतही लिहिलं. स्प्रिंगच्या पानावर, लाल शाईने.

पैसे मी बाजूला काढून ठेवले होते. दादाने घेतले नाहीत. भाऊबीजेला तो मालवाहू ऑटोत सायकल घालून आला. दारात उतरवली, हँडलला झेंडूचा हार बांधला आणि पाटावर बसता बसता म्हणाला, "हे तुही ओवाळणी. आता काई बोलू नको." मी निरांजन ओवाळताना रडले. शेजारच्या दोन बायका बघायला आल्या होत्या, त्याही रडल्या.

इथे आमच्या आईची एक शिकवण सांगायला हवी. भावाने ताटात काय टाकलं ते त्याच्यासमोर उघडून बघायचं नाही. पाकीट असो, लुगडं असो, ताट तसंच देवापुढे नेऊन ठेवायचं. आई म्हणायची, "त्याच्यासमोर पाह्यलं तं भावाले हिशेब मागल्यासारखं होते." आम्ही आंजीच्या पोरींनी हे इतकं पाळलं की कोणी कधी साडीचा रंगसुद्धा विचारला नाही. सायकल मी स्वतःच्या पैशाने घेतली असती तर दुकानदाराकडून एकेक पार्ट वही घेऊन तपासून घेतला असता. पण ती ओवाळणीत आली. मी वही कपाटात ठेवली.

आणि सायकलवर बसले तर माझे पाय जेमतेम जमिनीला टेकत होते.

"मोठी वाटून राह्यली रे," मी म्हटलं.

"नवीन हाये म्हणून. सवय होते."

मला सवय झाली नाही. टेकडी मी चढायचे, उताराच्या तोंडाशी यायचे, आणि पहिल्या दगडापासून ती सायकल मला कढईतल्या लाह्यांसारखी उडवायची. ब्रेकचे दांडे इतके लांब की बोटांची टोकं तेवढी पोचायची. तळहात बधिर व्हायचे. दोनदा पडले. एकदा कोपर सोललं, एकदा घळीत सायकल माझ्या अंगावर आली आणि एका गुराख्याने ती उचलली. "बाई, हे काय वय हाये काय असे धंदे करायचं?" असं तो अगदी मायेने म्हणाला.

दादा दर रविवारी वर्ध्याहून मोटरसायकलवर यायचा. सेटिंग पाहायला, असं म्हणायचा. आल्या आल्या खिशातला छोटा पंप काढून फोर्कमध्ये हवा भरायचा आणि उतारावर घेऊन जायचा. मी वर उभी राहून बघायचे. त्याच्या खाली ती सायकल वेगळीच व्हायची. दबायची, वर यायची, आवाज नाही, उडणं नाही. खाली जाऊन तो ओरडायचा, "पाह्य! सायकल तं मस्त चालून राह्यली! तूच आंग ताठ करून राह्यली!" वर आला की हसत म्हणायचा, "नाचता येईना अंगण वाकडं."

आणि मी हसायचे. आता आठवलं की माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

मी त्याचं खरं मानलं. शाळेतल्या खेळाच्या सरांकडून मनगटाचे व्यायाम शिकून घेतले. वहीत नवीन पान केलं, माझे दोष. अंग सैल सोडत नाही. घाबरते. वय झालं. बळ नाही. होळीपर्यंत ते पान भरलं. उन्हाळ्यात मी शाळेला पुन्हा जुन्या सायकलने जायला लागले, अकरा किलोमीटरच्या रस्त्याने. नवी सायकल खोलीत भिंतीला टेकून राहायची आणि मी शनिवारी तिला पुसायचे, कारण रविवारी दादा येणार. माझ्या खिळ्यावर त्याचं हेल्मेट लटकायला लागलं. मग हातमोजे आले. मग गुडघ्यांच्या ढाली. मी त्याच्यासाठी पोहे करायचे आणि मनात म्हणायचे, बघ, बहिणीसाठी किती लांबून येतो.

पावसाळा संपत आला तेव्हा एका रविवारी त्याला कचेरीत काही काम निघालं, तो आला नाही. मीच सायकल घेऊन टेकडीवर गेले. उतार आला, सायकलवरून उतरले आणि नेहमीप्रमाणे ती हातात धरून चालायला लागले. मागून नागपूरचे लोक आले. त्यातला एक करकचून ब्रेक दाबून थांबला.

"अरे, ये तो अपनीच गाडी है! ताई, भैया नाही आले का आज?"

हा नागपूरच्या सायकल दुकानातला मेकॅनिक होता. सायकल त्यानेच जोडली होती.

"सायकल माझी आहे," मी म्हटलं.

"तुमची?" त्याने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, मग सायकलकडे पाहिलं. "चालवत का नाही मग?"

मला जमत नाही, मी अंग ताठ करते, हे सगळं मी त्याला पाठ केलेल्या धड्यासारखं सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण त्याचं लक्ष स्प्रिंगवर होतं. "पट्टी आहे का?" त्याने विचारलं. बाईंच्या पिशवीत पट्टी नसेल तर काय असेल. त्याने मला सागाच्या खोडाला धरून सायकलवर बसायला सांगितलं. माणूस नुसता बसला तरी मागचा शॉक थोडा दबायला हवा, त्याशिवाय तो दगड खाऊ शकत नाही, असं त्याने समजावलं. शॉक साठ मिलिमीटर दबू शकत होता. त्यातले अठरा माझ्या वजनाने दबायला हवे होते. पट्टी धरून त्याने मोजलं. जेमतेम दहा.

"ही साडेपाचशेची, म्हणजे जड माणसाची स्प्रिंग आहे ताई. तुम्हाला साडेतीनशेची पाहिजे. ही तुमच्या खाली हलणारच नाही. वजन किती तुमचं?"

"त्रेपन्न. दादाने तुम्हाला सांगितलं होतं ना."

मग त्याने मोबाइल काढला, बराच वेळ बोट फिरवलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरली. दादाचा मेसेज होता, राखीनंतरच्या महिन्यातला. उंची पाच फूट नऊ. वजन चौऱ्याऐंशी. खाली दादाने लिहिलं होतं, मी स्वतः येऊन बसून पाहतो. आणि तो गेलाही होता. दोनदा. फ्रेमवर बसून हँडल ठरवलं, ब्रेकचे दांडे आपल्या बोटांना लावून घेतले. मेकॅनिक बिचारा म्हणाला, "मला काय माहीत ताई, मला वाटलं भैयाचीच आहे."

उरलेला उतार मी कशी उतरले ते आठवत नाही. चढावर दम लागावा तसा खाली येताना मला दम लागला होता एवढं आठवतं.

तरी मनाने पळवाटा शोधल्या. चुकून झालं असेल. घाईत लिहिलं असेल. दसऱ्याला वहिनीचा फोन आला तेव्हा मी सहज सायकलीचं बोलणं काढलं. वहिनी साधी आहे. तिने आपल्या मनातलं सरळ सांगितलं. "तीन वर्षं हे माह्या मागं लागले होते, सायकल घेतो, सायकल घेतो. मी म्हटलं, ह्या वयात काई जरूरत नाई. मंग म्हणाले, बहिणीले ओवाळणी देतो. आता ओवाळणीले मी काऊन नाई म्हणू? पाप लागीन ना बाप्पा."

म्हणजे वहिनीचं तोंड बंद करायला ओवाळणी आणि माझं तोंड बंद करायलाही ओवाळणी. एका निरांजनात दोन बायका गप्प. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

मला सायकलीचं एवढं वाईट वाटलं नाही. त्याने सांगितलं असतं, बाई, घरात घेऊ देत नाहीत, तुझ्याकडे ठेवतो, तर मी दार उघडून दिलं असतं, पोहेही केले असते. मला वाईट वाटलं ते संध्याकाळच्या सातच्या फोनांचं. ती वही, ती करपलेली पोळी, ते भांडण, त्यात एकटी मीच होते. पलीकडे तो स्वतःची सायकल निवडत होता आणि माझी मतं ऐकून करमणूक करून घेत होता. आणि सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते माझ्या दोषांच्या पानाचं. माझ्या अंगात बळ नाही असं मी वर्षभर मानून चालले होते, आणि समोर उभा राहून हसणाऱ्याला ठाऊक होतं की अंगण खरोखरच वाकडं आहे. त्यानेच ते वाकडं करून आणलं होतं.

मेकॅनिकने साडेतीनशेची स्प्रिंग पार्सलने पाठवली. बदलायला पाऊण तास लागला. शॉकचे दोन बोल्ट काढायचे, चकती सैल करायची, जुनी स्प्रिंग ओढायची, नवी घालायची. फोर्कच्या पायावर कोणत्या वजनाला किती हवा याचा तक्ता चिकटवलेला होता, तोही मी वर्षभर पुसतच होते. त्रेपन्न किलोची ओळ बघून दादाने भरलेली हवा सोडली. ब्रेकचे दांडे आत घेतले. फ्रेम मोठीच राहिली, तिला इलाज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोट्याचा उतार उतरले. पाय न टेकता. दगड खालून येत होते आणि सायकल ते गिळत होती, माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. मध्ये एका घळीपाशी ब्रेक दाबला तर बोटं पुरली. खाली आले तेव्हा सायकल आडवी टाकून दगडावर बसले आणि मोठ्याने रडले. आनंद झाला नाही असं नाही, पण राग त्याच्याहून मोठा होता. हे मला पहिल्याच दिवशी जमलं असतं.

दादाला मी काही कळवलं नाही. मधल्या कोणत्याच रविवारी त्याने येऊ नये म्हणून शाळेचं काम आहे असं सांगितलं. तो भाऊबीजेलाच आला. जेवण व्हायचं होतं, ओवाळायचं होतं, पण त्याने चपला काढायच्या आधी खिळ्यावरचं हेल्मेट काढलं. "एक चक्कर मारून येतो," म्हणाला.

मी ताटात कुंकू, अक्षता, सुपारी मांडत होते. अंगणात तो सायकलवर बसला आणि सायकल त्याच्याखाली म्हशीसारखी बसली. त्याने हँडल धरून एक उडी मारली. शॉक तळाला टेकला, खट्ट आवाज झाला. त्याने खाली वाकून स्प्रिंगकडे पाहिलं. आकडा वाचला. त्याला तो लगेच वाचता आला.

"कोनं केलं हे?"

"मी."

"काऊन?"

"त्रेपन्न किलोची आहे आता. तू लिहून घेतलं होतंस ना."

मला वाटलं होतं, त्याचा चेहरा पडेल. ह्या क्षणाला तो काय म्हणेल याचे मी दहा प्रकार मनात करून ठेवले होते. चूक झाली म्हणेल. रागावेल. खोटं बोलेल, दुकानदारावर ढकलेल. मी त्यातल्या प्रत्येकाला उत्तर तयार ठेवलं होतं. तो सायकलवरून उतरला, स्प्रिंगला बोट लावलं, आणि लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घेतल्यावर ते मूल जसं बघतं तसं माझ्याकडे बघत म्हणाला,

"मंग मी कशी चालवू?"

मी त्याला पाटावर बसायला सांगितलं. जुनी स्प्रिंग आधीच वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली होती, ती त्याच्या पिशवीत टाकली. त्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. त्याने खिशातून पाकीट काढून ताटात टाकलं आणि आईच्या शिकवणीप्रमाणे मी ताट देवापुढे नेईन म्हणून पाय लांब केले.

मी ताट खाली ठेवलं, पाकीट उचललं, आणि तिथेच, त्याच्यासमोर, उघडून पाहिलं.